आंब्याची पट्टी सोडायचा दिवस

सकाळी साडेसहाला ह्यांनी अडगळीच्या खोलीतून कूलर ओढत बाहेर काढला, त्याच्या जुन्या ताट्या आपटल्या आणि अंगणभर वाळ्याचा भुसा केला. एरवी मी चिडले असते. आज चिडायलाही सवड नव्हती. दहा वाजता देवरावभाऊ येणार होते, आणि ते येणार म्हणजे आमच्या परसातल्या आंब्याच्या खोडावरची शेवटची लोखंडी पट्टी सुटणार होती. मी पाच वाजल्यापासून जागी होते. दोनदा चहा झाला, तीनदा मागच्या दारी जाऊन आले. झाड जागेवरच होतं. साठी उलटलेल्या बाईने झाड जागेवर आहे का हे तीनदा जाऊन बघावं, यावर हे जे काही बोलले ते मी इथे लिहिणार नाही.

चैत्र सरत आला की राळेगावची हवा बदलते. शेतं मोकळी पडतात, कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या दिसतात, आणि दुपारी एसटीतून उतरलेला माणूस सावली दिसेल तिथे आधी उभा राहतो, मग घरचा रस्ता धरतो. वारा एकदम पडतो. आभाळ हळदीचं बोट लागल्यासारखं पिवळट होतं. लोकांना वाटतं, बरं झालं, जरा गार होईल. मी मात्र अशा वेळी हातातलं काम टाकून मागच्या दारी जाते. ही खोड चार वर्षांपूर्वीची आहे.

आधी झाडाबद्दल सांगते, म्हणजे माझा वेडेपणा जरा कमी वाटेल. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा हा आंबा तिथे होताच. गावरान, बिननावाचा. फळ मुठीएवढं, कोय मोठी, रसापेक्षा रेषा जास्त. पाडाला आला तरी आंबट, आणि गोड होतो म्हणेपर्यंत संपलेला. पाहुण्यांना हा आंबा कधी वाढला नाही. पण कैरी अशी, की तिचं लोणचं दुसऱ्या वर्षीही करकरीत राहावं. घर बांधताना मिस्त्री म्हणाला, झाड काढा, नाहीतर स्वयंपाकघर नीट बसणार नाही. मी म्हटलं, स्वयंपाकघर वाकडं बसू दे. तसंच ते बसलं. आजही आमची ओट्यावरची खिडकी भिंतीच्या मधोमध नाही, एका कडेला सरकलेली आहे, आणि तिच्यातून सबंध खोड दिसतं. भाजी चिरताना, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी असताना, आणि नोकरीत होते तोवर वह्या तपासून डोळे थकले की, मी त्या खोडाकडे बघत आले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारी नोकरी काढली, हजारो मुलं डोळ्यांसमोरून गेली, पण इतकी वर्षं रोज पाहिलेला चेहरा म्हटला तर हाच. ह्यांचा दुसरा.

झाडाला पुरुषभर उंचीवर दोन फाटे आहेत. एक आमच्या अंगणावर, दुसरा कुंपणाच्या भिंतीपलीकडे कमलताईंच्या टिनांवर. कमलताई आमच्या शेजारीण. गावाबाहेर चार एकर आहे, कापूस आणि तूर, आणि ती शेती त्या एकट्या बघतात. त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे भिंतीला टेकून काढलेलं टिनाचं छप्पर, थेट त्या फाट्याखाली. मोसमात त्यांच्या टिनांवर कैरी पडली की ‘टण’ असा आवाज यायचा, आणि पाठोपाठ भिंतीपलीकडून त्यांचा आवाज, “आली वं मास्तरीणबाई तुमची चिठ्ठी.” पलीकडे पडलेली कैरी त्यांची, अलीकडची आमची. हा नियम कोणी केला नव्हता, पण तो कधी मोडलाही नाही.

त्या वर्षी अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. आमच्याकडे अखजीला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात कोणी पिकला आंबा तोंडात घालत नाही, म्हणून सगळ्यांचं लक्ष झाडाकडे. झाड इतकं लगडलेलं की फाटे खाली वाकलेले. सकाळची शाळा करून मी घरी आले, जेवून जरा आडवी झाले, आणि चारच्या सुमारास वारा पडला. मग तो एकदम सुटला. आमच्या भागात अवकाळी वादळ येतं ते दार वाजवून येत नाही. समोरच्या घराचं एक टिन उडून विजेच्या तारेत अडकलं, कूलर गपकन बंद पडला, आणि मागे असा आवाज झाला की कोणीतरी जाड कापड एका दमात फाडावं. मी खिडकीपाशी धावले. खोड मधोमध उकललं होतं. फाट्यांच्या बेचक्यापासून खाली हातभर लांब चीर, आत पांढरं-पिवळं ओलं लाकूड, आणि कमलताईंच्या बाजूचा फाटा त्यांच्या टिनांपासून वीतभर वर थांबलेला. खाली कैऱ्यांचा नुसता सडा. गारपिटीचा पाऊस थांबला तेव्हा त्या गारांमध्ये मिसळून चमकत होत्या, आणि मला लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार मनात आला तो लोणच्याचा.

अर्ध्या तासात सगळी गल्ली आमच्या परसात होती. कैऱ्या वेचता वेचता प्रत्येकाचं मत येत होतं. कोणी म्हणे मुळासकट काढा, कोणी म्हणे तुटका फाटा तेवढा छाटा, कोणी म्हणे शेणमातीचा लेप द्या आणि देवावर सोडा. त्या दिवशी गल्लीतल्या एकूण एक घरात तक्कू झाला असेल. किसलेल्या कैरीचा, गुळाचा आणि तिखटाचा वास संध्याकाळभर हिंडत होता. तहसील कचेरीत जन्म गेलेले आमचे हे, त्यांनी तेवढ्यात झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला, तीन प्रतींत. मी म्हटलं, अजून ठरलंय कुठे? ते म्हणाले, ठरलं की अर्ज तयार पाहिजे. मी तो अर्ज काढून घेतला आणि कैऱ्यांच्या टोपलीखाली ठेवला. आमचं जे भांडण झालं ते सगळ्यांसमोर झालं. मी ओरडून सांगत होते की झाड वाचलंच पाहिजे, मी दुसरं काही ऐकून घेणार नाही. मला फार शूर वाटत होतं तेव्हा.

कमलताई मात्र भिंतीपलीकडे आपल्या दारात उभ्या होत्या आणि वर बघत होत्या. मी उत्साहाने त्यांना विचारलं, सांगा ना तुम्हीही, आपण वाचवू या ना याला? त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

“झाड तुमचं हाय, बाई. पन पडन माह्यावर.”

मला कुणी थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. सबंध गल्लीला विचारून झालं होतं आणि जिच्या डोक्यावर तो फाटा लटकत होता तिला विचारायचं शेवटी सुचलं होतं, तेही हो म्हणवून घ्यायला. कमलताई पुढे म्हणाल्या, “मिरगापर्यंत थांबीन. मिरग लागला का मंग मी कोनाचं ऐकनार नाई.” आणि त्यांनी आपला गॅस उचलून पुढच्या ओसरीत नेला.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. ओसरीवर ऊन सरळ येतं. कमलताई डोक्यावर ओला पंचा टाकून तिथे भाकरी थापायच्या आणि मी माझ्या वाकड्या खिडकीपाशी उभी राहून उकललेलं खोड बघायची. झाड मला हवं होतं आणि त्याची झळ त्या सोसत होत्या. मी त्यांना माझ्या स्वयंपाकघरात या म्हटलं तर म्हणाल्या, कायले, माहा हात माह्याच तव्यावर बसते. अखजीला आम्ही पितरांना बाजारातला आंबा दाखवला. पहिल्यांदाच. मला तो घास गोड लागला नाही, आणि ह्यांनाही लागला नसावा, कारण दुसऱ्या दिवशी टोपलीखालचा अर्ज मला न सांगता त्यांनीच फाडला.

देवरावभाऊ गल्लीच्या टोकाला राहतात. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्यांनी उभा जन्म रुईच्या गठाणी, म्हणजे गासड्या, बांधल्या. वादळाच्या दिवशीही ते आले होते, पण मत न देता, खोडाभोवती दोन फेऱ्या मारून, चिरेत बोट घालून निघून गेले होते. अखजीनंतर एका सकाळी ते स्वतःच आले. प्रेसमध्ये रुई दाबून धरतात तेवढ्या वेळात लोखंडी पट्ट्या आवळायच्या असतात, आणि त्या जरा ढिल्या राहिल्या तर दाब सुटताच गठाण फुटते, हे त्यांनी मला बारदानाचा तुकडा हातात घेऊन समजावलं. मग म्हणाले, “हे बी फुटलेली गठानच हाय. दाबून बांधू.”

त्या दिवसाचा आनंद अजून माझ्या अंगात आहे. आधी कमलताईंच्या बाजूच्या फाट्याचं ओझं उतरवलं, वरच्या डहाळ्या छाटून तो हलका केला. मग ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजातून आणलेली चेनपुल्ली दोन्ही फाट्यांमध्ये लावली. ह्यांनी साखळी ओढली. सरकारी नोकरीत ज्या माणसाने फाईलपेक्षा जड काही उचललं नाही, तो माणूस बनियनवर, घामाने चिंब, “अजून? अजून?” विचारत होता. चीर मिटत आली. आतून पाणी सुटलं. खोडाला बारदान गुंडाळून देवरावभाऊंनी त्यावर तीन पट्ट्या आवळल्या, कडी बसवली आणि हातोडीने ठोकून बघितली. चेनपुल्ली सुटली तेव्हा झाड जरासं कुरकुरलं आणि थांबलं. मी टाळ्या वाजवल्या. शाळेतली सवय.

मिरग आला, गेला. एका दुपारी मोठा वारा सुटला, आम्ही दोघं आणि कमलताई आपापल्या दारात उभे राहून वर बघत होतो. फाटा हलला, पण चीर हलली नाही. पोळ्याच्या आधी कमलताईंचा गॅस पुन्हा टिनाखाली गेला. भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला आणि मी पदर तोंडाला लावून रडले.

आता आमची चूक सांगायला हवी, कारण ती सगळ्यांनी मिळून केली आणि तिचा आनंद मी सगळ्यात जास्त केला. पुढच्या माघात झाड असं मोहरलं की पान दिसेना. मोहोराच्या वासाने परसात उभं राहवत नव्हतं, मधमाश्यांची घूं घूं स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी गल्लीभर सांगत सुटले की बघा, झाड कसं उपकार फेडतंय. शाळेत सांगितलं, पुण्याला मुलीला फोनवर सांगितलं, भाजीवाल्या बाईलाही सांगितलं. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या आणि गळायला लागल्या. पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. मला वाटलं ऊन फार आहे, म्हणून पाणी वाढवलं. देवरावभाऊ एक दिवस चटणीपुरत्या चार कैऱ्या मागायला आले, वर बघितलं, खोडाशी गेले आणि बारदान उचकटून तिथेच उकिडवे बसले. पट्टीच्या वर आणि खाली साल फुगून आली होती, आणि पट्टी मधे रुतून गेली होती. ज्याला मी उपकार म्हणत होते तो झाडाचा गुदमरलेला जीव होता. मरायच्या धाकानं ते फुललं होतं.

देवरावभाऊंनी खोडावर हात ठेवला. मग म्हणाले, “गठान बांधली का ते ट्रकात जाते. म्या जिंदगीत एक बी गठान नंतर जाऊन पाह्यली नाई. हे तर इथंच राहून राह्यलं, बाई. वाढून राह्यलं. ह्याले सोडाले बी याव लागते, हे मले माहीतच नव्हतं.”

त्या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. आमच्या या कापसाच्या मुलखात सगळं बांधून पाठवायची सवय. कापूस जातो, तूर जाते, शिकलेली पोरं जातात. नीट आवळून बांधलं की आपलं काम संपलं असं आपण समजतो. मीही वर्गावर वर्ग असेच बांधून पुढे धाडले, आणि माझ्या लेकीलासुद्धा. पण जे घरात राहतं, त्याची गाठ दर वर्षी जाऊन बघावी लागते, बोटभर ढिली करावी लागते. हे मला पस्तीस वर्षं मास्तरकी करून कळलं नव्हतं.

त्याच दिवशी जुन्या पट्ट्या कापल्या आणि नव्या बांधल्या, एक बोट जागा सोडून. तेव्हापासून दर चैत्राच्या शेवटी देवरावभाऊ येतात. तीनच्या दोन झाल्या, गेल्या वर्षी एक राहिली. सोडायच्या दिवशी गल्ली जमते, मी पन्हं करते, हे मोजपट्टी घेऊन खोडाचा घेर मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. तेवढी कचेरी अजून त्यांच्यात उरली आहे. गेल्या आठवड्यात देवरावभाऊंनी शेवटची पट्टीही ढिली केली. आठ दिवस ती खोडावर नुसती सैल लटकलेली आहे. चिरेवर दोन्हीकडून साल चढून ओठ मिटावेत तशी मिटली आहे. म्हणजे आज कापायचं ते फक्त नावाचं लोखंड. तरीही पाच वाजल्यापासून मी जागी होते, यात माझा काय दोष.

देवरावभाऊ दहाला आले. पत्रा कापायची कात्री काढली. पन्ह्याचे पेले भरलेले, माणसं उभी. आणि कोणीच ‘कापा’ म्हणेना. ह्यांनी मोजपट्टीशी उगाच चाळा केला. मला वाटलं, राहू द्यावी एक पट्टी, काय बिघडतं, नाहीतरी ती सैलच आहे. देवरावभाऊ माझ्याकडे न बघता भिंतीपलीकडे उभ्या कमलताईंकडे बघत होते. चार वर्षांपूर्वी जे मला सुचलं नव्हतं ते ह्या वेळी त्यांना आधी सुचलं. मग मलाही सुचलं. मी भिंतीशी गेले आणि म्हटलं, कमलताई, तुम्ही सांगाल तसं. ठेवायची म्हणालात तर ठेवू, आणि कापायची असेल तर आधी इकडे आमच्याकडे या, मग कापतील.

त्यांनी फाट्याकडे बघितलं. नव्या तांबूस पालवीत कैऱ्या लटकत होत्या. मग त्या वळल्या आणि आपल्या टिनाखाली गेल्या. आत भांड्याचा आवाज झाला, गॅस पेटल्याचा आवाज झाला.

“मी चहा मांडून राह्यली,” आतून त्या म्हणाल्या. “तुमी कापा.”

देवरावभाऊंनी कात्री लावली. पट्टी एकदा करकरली, तुटली आणि खोडावरून घसरत खाली पडली. आम्ही सगळे वर बघत. वाऱ्याची एक झुळूक आली, फाटा सावकाश हलला, आणि टिनावर टणकन आवाज झाला. हे दचकून दोन पावलं मागे सरले, माझ्या हातातलं पन्हं साडीवर सांडलं, देवरावभाऊंची कात्री हातातून सुटली.

“कैरी होय,” कमलताई आतून म्हणाल्या. “चहात साखर किती टाकू?”